हा दगड कुठला?



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्या सरांच्या वर्गात मी भूशास्त्र शिकले. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या निदान तीन पिढ्या आज या सभागृहात बसलेल्या दिसतात. सरांचा एक प्रश्न तुम्हा सगळ्यांच्या कानात असेल. आपण कौतुकानं एखादा दगड त्यांच्या टेबलावर ठेवायचा आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावण्याआधी विचारायचं, ‘हा दगड कुठला?’ खडकाचं नाव सांगून भागत नसे. कुठल्या नाल्यातला, कुठल्या काठावरचा, जागचा की वाहून आलेला, हे सांगता आलं नाही तर सर तो दगड मुकाट्यानं परत आपल्या हातात देत.

आज मी ध्रुवीय प्रदेशातल्या भूशास्त्रीय क्षेत्रकार्याबद्दल बोलणार आहे. ध्रुव दोन आहेत. मी मुख्यतः दक्षिणेकडच्या अंटार्क्टिकाबद्दल बोलेन, कारण काम तिथं केलं, आणि नागपूरच्या खडकांशी त्या खंडाचं सख्खं नातं आहे म्हणूनही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पृथ्वीच्या त्या टोकाला जाऊन दगड आणणं हे अर्धं काम झालं. तो नेमका कुठला, हे लिहून आणणं हे उरलेलं अर्धं, आणि ते जास्त अवघड आहे. अंटार्क्टिकाच्या खडकांनी शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याला जे शिकवलं, ते अशा नीट लिहिलेल्या नोंदींमुळे शिकवलं.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो तोच घेऊ. सगळीकडे बर्फच असेल तर भूशास्त्रज्ञानं तिथं जाऊन पाहायचं काय?

अंटार्क्टिकाचं क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून जास्त. त्यावर सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचं बर्फ आहे. उघडा खडक एक टक्कासुद्धा नाही. पण जो आहे तो कसा आहे! आपल्याकडे विदर्भात खडक पाहायचा तर आपण काय करतो? रस्त्याचं खोदकाम शोधतो, नवी विहीर कुठं खणली आहे त्याची चौकशी करतो, नाल्याच्या काठानं चालतो. बाकी सगळं काळ्या मातीखाली आणि पऱ्हाटीखाली झाकलेलं. तिथं माती आणि गवत जवळजवळ नाही, झाड तर नाहीच. बर्फातून डोंगराची जी शेंडी वर आली असेल ती उघडीवाघडी तुमच्यासमोर उभी असते. खडकाचा एक थर डोळ्यांनी धरावा आणि तो मैलोन्‌मैल तसाच जाताना पाहावा, हे सुख मला दुसरीकडे कुठं मिळालेलं नाही.

आपल्या देशाचं काम जिथं सुरू झालं तो शिर्माकर टेकड्यांचा पट्टा असाच बर्फातून मोकळा राहिलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस किलोमीटर. उत्तरेला समुद्रावर तरंगणारा बर्फाचा थर, दक्षिणेला खंडाचं मुख्य हिमाच्छादन, आणि मधे या बुटक्या, तपकिरी टेकड्या आणि शंभरावर तळी. आपलं ‘मैत्री’ हे केंद्र १९८९ पासून इथं आहे. त्याआधीचं ‘दक्षिण गंगोत्री’ तरंगत्या बर्फावर बांधलेलं होतं. ते हळूहळू बर्फातच गाडलं गेलं. खडकावर पाया असावा हे त्या अनुभवानं शिकवलं. तिसरं केंद्र ‘भारती’, २०१२ पासून, मैत्रीपासून सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेला लार्समन टेकड्यांमध्ये.

आता काम कसं चालतं ते सांगते. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पुस्तकात निष्कर्ष छापले जातात, हात कसे चालले ते कुणी छापत नाही.

खडकाच्या थराची नती आणि नतिलंब, म्हणजे त्याचा कल आणि पसरण्याची दिशा, मोजायची आहे, असं धरा. हे भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं काम. कंपास थरावर ठेवायचा, पाणसळीचा बुडबुडा मधे आणायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. आता हेच काम वाऱ्यात करा. हातात मोज्यांचे दोन-तीन थर आहेत. जाड मोज्यांनी कंपासचा खटका दाबता येत नाही, म्हणून वरचे मोजे काढायचे, आणि ते उडून जाऊ नयेत म्हणून दोरीनं गळ्यात बांधलेले असतात. आतल्या पातळ मोज्यांवर फार वेळ काढता येत नाही. आधी बोटं दुखतात. दुखायची थांबली की घाबरायचं, कारण आता ती बधिर झाली. बॉलपेनची शाई घट्ट होते, म्हणून लिहायचं ते शिसपेन्सिलीनं, आणि पेन्सिलही वहीला बांधलेली. वहीच्या पानांना रबर लावलेलं. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीनं मान टाकते, म्हणून ती छातीशी आतल्या खिशात.

आणि भिंग. आपलं रोजचं साधं, दहापट मोठं दाखवणारं भिंग. ते डोळ्याजवळ धरून दगड त्याच्याजवळ न्यायचा असतो. पण श्वास सोडला की काचेवर क्षणात हिमाची साय धरते. म्हणून तिथं खडक पाहायचा तो श्वास रोखून. एक दीर्घ श्वास, मान वळवून सोडायचा, मग भिंग वर, आणि जेवढा दम पुरेल तेवढ्यात गार्नेटचे तांबडे कण कसे बसलेत, अभ्रकाची पानं कुठल्या दिशेला लवलीत, ते पाहून घ्यायचं. मला वाटतं, इतकं लक्ष देऊन मी एरवी कुठंच पाहिलं नाही.

मग नमुना. हातोड्यानं तुकडा काढला की त्यावर क्रमांक घालायचा. दगडावर दव गोठलेलं असतं, मार्कर उमटत नाही. दगड खिशात घालून थोडा उबवायचा, पुसायचा, मग लिहायचं. तोच क्रमांक पिशवीवर, आणि तोच वहीत, ठिकाणाच्या वर्णनासह. तीन जागी. संध्याकाळी तंबूत लिहू म्हटलं की संपलं. संध्याकाळी सगळे करडे पट्टिताश्म एकसारखे दिसतात. आणि संध्याकाळ म्हणायचं तरी कशाला? उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच नाही, तो डोक्याभोवती फेऱ्या घालत राहतो. भूक आणि थकवा हेच घड्याळ. ते घड्याळ फसवं असतं, म्हणून मनगटावरचं पाहून काम थांबवायचं अशी शिस्त असते.

दिशेचं काय? आपण कंपासवर किती सहज विश्वास ठेवतो! चुंबकीय ध्रुवाच्या आसपास सुई आडवी फिरायची सोडून खाली वळू लागते, आणि खुद्द ध्रुवावर उभी राहते. दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या प्रदेशात पहिल्यांदा पोहोचलेले तिघे होते एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन आणि ॲलिस्टर मॅके. तारीख १६ जानेवारी १९०९. त्यातले डेव्हिड आणि मॉसन हे दोघेही भूशास्त्रज्ञ, हे मला इथं आवर्जून सांगायचं आहे. त्यांच्या काळी सूर्याची सावली आणि घड्याळ यांवर दिशा काढत. आज उपग्रह आहेत. तरी सूर्यावरून दिशा काढायला शिकूनच जावं, असं माझं ठाम मत आहे. यंत्राची बॅटरी संपते, सूर्य तिथं उन्हाळाभर असतो.

अंतराचाही अंदाज चुकतो. हवा इतकी कोरडी आणि स्वच्छ, आणि मधे झाड नाही, घर नाही, माणूस नाही. मग मोजायचं कशावरून? अर्ध्या तासावर वाटणारा डोंगर अर्धा दिवस खातो. आणि आभाळ भरून आलं की सावल्याच नाहीशा होतात. वर पांढरं, खाली पांढरं. पायापुढचा उतार दिसत नाही, खड्डा दिसत नाही, हिमभेग दिसत नाही.

हिमभेगा म्हणजे हिमनदीला पडलेल्या खोल चिरा. वरून ताज्या बर्फाचा पातळ पूल धरलेला असतो, त्यामुळे त्या ओळखू येत नाहीत. मॉसनची पुढची मोहीम १९११ ते १९१४ ची. १४ डिसेंबर १९१२ रोजी तिघे जण मुख्य तळापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर होते. पुढं मर्ट्झ स्कीवर, मागं मॉसन आपल्या गाडीवर, त्यामागं निनिस आपल्या गाडीच्या बाजूनं चालत. पहिले दोघे ज्या पुलावरून सुखरूप गेले तोच निनिसच्या पायाखाली खचला. निनिस गेला, त्याच्याबरोबर चांगले कुत्रे गेले, तंबू गेला आणि बहुतेक सगळं अन्न गेलं. पुढच्या गाडीला धोका जास्त, असं समजून मोलाचं सामान मागच्या गाडीवर ठेवलेलं होतं. परतीच्या वाटेवर जानेवारीत मर्ट्झही गेला. मॉसन एकटा चालत ८ फेब्रुवारी १९१३ ला तळावर पोहोचला, तेव्हा त्याला न्यायला आलेलं जहाज काही तासांपूर्वीच निघून गेलं होतं. आज आम्ही बाहेर पडतो तेव्हा प्रत्येक वाहनावर तंबू, स्टोव्ह आणि खाणं स्वतंत्र असतं. त्या नियमाची किंमत कुणी भरली, हे नव्या मुलांना मी नेहमी सांगते.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. एका पानाची गोष्ट.

जानेवारी १९१२. जर्मनीत फ्रँकफर्टच्या सभेत आल्फ्रेड वेगेनर नावाचा एक तरुण हवामानशास्त्रज्ञ मांडत होता की खंड जागचे हलतात, एके काळी ते एकत्र होते. बहुतेकांना ते पटलं नाही. त्याच महिन्यात १७ तारखेला रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार सोबती दक्षिण ध्रुवावर पोहोचले, आणि नॉर्वेचा आमुनसेन महिनाभर आधी, १४ डिसेंबरला, येऊन गेल्याचं त्यांनी पाहिलं. हरलेली, थकलेली, उपाशी माणसं परत फिरली. ८ फेब्रुवारीला ती बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्यावर माउंट बकलीपाशी आली. वारा पडलेला होता, ऊन होतं. स्कॉटनं ठरवलं की उरलेला दिवस खडक पाहण्यात घालवायचा. एडवर्ड विल्सन हा त्यांच्यातला डॉक्टर आणि निसर्गाभ्यासक. त्याला वालुकाश्मात कोळशाचे थर दिसले, आणि त्यांत वनस्पतींचे ठसे. पानं, शिरांसकट.

त्यांनी ते दगड गाडीवर घातले. पुढं पाचांपैकी इव्हान्स वारला. ओट्स वारला. उरलेले तिघे मार्चच्या अखेरीस तंबूत गेले; अन्नाचा साठा तिथून सुमारे अठरा किलोमीटरवर होता. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा गाडीवर ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो दगड होते. बाकी ओझं त्यांनी वाटेत टाकत आणलं होतं. दगड टाकले नव्हते.

हे शहाणपण होतं का? हा प्रश्न शंभर वर्षं विचारला जातो आहे. सोळा किलोंनी ते मेले असं मला वाटत नाही. अन्न कमी पडलं, इंधन कमी पडलं, आणि त्या मार्चमध्ये थंडी नेहमीपेक्षा फार कडक पडली. पण त्या दिवशीचा वेळ गेला, हे खरं. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी असा वेळ घालवू दिला नसता. आणि तरीही, विल्सननं ते दगड उचलले म्हणून मी त्याची ऋणी आहे. ही दोन्ही मतं माझ्या मनात एकत्र नांदतात, त्यांचा झगडा मला मिटवता आलेला नाही.

ते दगड लंडनला गेले. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सिवर्ड यांनी ते तपासले आणि १९१४ मध्ये जाहीर केलं की हे पान ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन झाडाचं आहे. त्यांनी जी जात ठरवली तिचं नाव काय? ग्लॉसोप्टेरिस इंडिका.

श्रोतेहो, हे पान तेव्हा कुठं कुठं ठाऊक होतं? भारतात, ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत. आणि भारतात कुठं? आपल्या दारात! ज्यांच्या नावाचं कॉलेज या शहरात आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसाराच्या कामातून वेळ काढून ते आणि त्यांचे सहकारी हंटर या भागात दगड गोळा करत हिंडले, आणि १८५५ मध्ये त्यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनला प्रसिद्ध झाला. त्यांनी पाठवलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांचं वर्णन १८६१ मध्ये बनबरी यांनी केलं. त्यांत ग्लॉसोप्टेरिस होतं. हिस्लॉपही कामावर असतानाच गेले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात ते बुडाले. आजही कामठीच्या थरांत आणि चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींत हीच पानं मिळतात. ज्या खडकसमूहाला जग गोंडवन म्हणतं, त्याचं नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलुखावरून पडलं आहे.

आता सांगा, माउंट बकलीचं पान ‘अंटार्क्टिकाहून आणलेला एक दगड’ एवढ्याच चिठ्ठीनं लंडनला पोहोचलं असतं तर? वाहून आलेला असेल, म्हणून कुणीही झटकून टाकलं असतं. पण स्कॉटच्या रोजनिशीत आणि विल्सनच्या वहीत थर लिहिलेले होते, जागा लिहिलेली होती. पान जागच्या खडकातलं होतं. म्हणजे ते झाड तिथं वाढलं होतं. पुढं त्याच डोंगररांगांमध्ये उभ्या बुंध्यांची जंगलंच सापडली, मुळांसकट, खोडातल्या वर्षकड्यांसकट.

असे पुरावे हाती असूनही वेगेनरचं म्हणणं जगानं मान्य करायला आणखी पन्नास वर्षं लागली. तो स्वतःही ध्रुवीय प्रदेशाचाच माणूस. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर आपल्या सहकाऱ्यांना रसद पोहोचवण्याच्या मोहिमेवरून परतताना तो वारला. त्याचा ग्रीनलंडचा सोबती रासमुस विलुमसेन यानं त्याला नीट पुरून वर स्कीची खूण उभी केली आणि एकटा पुढं निघाला. विलुमसेन कधीच सापडला नाही. वेगेनरचं नाव पाठ्यपुस्तकात असतं. विलुमसेनचं नाव आज या सभागृहात घेतलं गेलं पाहिजे, म्हणून घेतलं.

१९६९ मध्ये अमेरिकेचे एडविन कोलबर्ट यांच्या तुकडीला अंटार्क्टिकाच्या कोलसॅक कड्यावर लिस्ट्रोसॉरस या जमिनीवरच्या प्राण्याची हाडं मिळाली. तोच प्राणी आपल्या दामोदर खोऱ्यातल्या पंचेत थरांतही आहे. तो काही महासागर पोहून गेलेला नाही.

आणि ‘भारती’भोवतीचे खडक? आपल्या पूर्व घाटाच्या खडकांशी ते इतके जुळतात की नकाशे एकमेकांना लावून पाहता येतात. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी ते एकत्र भाजून निघाले आणि सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी आपण वेगळे झालो. विशाखापट्टणमच्या टेकड्यांचा अभ्यास पुरा करायचा असेल तर अंटार्क्टिकाला जावं लागतं. तिथं आपण परक्याच्या घरी जात नाही, हे मला तिथल्या खडकावर हात ठेवला तेव्हा जाणवलं.

अशनींबद्दल थोडं सांगते. १९६९ मध्येच जपानी शास्त्रज्ञांना यामाटो डोंगरांजवळच्या निळ्या बर्फावर नऊ अशनी मिळाले. तपासल्यावर ते वेगवेगळ्या जातींचे निघाले, म्हणजे एकाच वेळी पडलेले नव्हते. मग इतके एकत्र कसे? खंडभर पडलेले अशनी बर्फात गाडले जातात आणि बर्फाबरोबर हळूहळू वाहतात. वाटेत डोंगर आडवा आला की बर्फ थबकतं, वर चढतं, आणि कोरडा वारा ते खात राहतो. सुपात धान्य पाखडताना फोल उडून जावं आणि दाणे मागं राहावेत, तसं बर्फ उडून जातं आणि दगड मागं राहतात. आजवर असे ४५ हजारांहून अधिक नमुने गोळा झाले आहेत. जानेवारी १९८२ मध्ये ॲलन हिल्सच्या बर्फावर मिळालेला एक दगड चंद्रावरचा निघाला, आणि हे कळलं कशावरून? अपोलोच्या यात्रेकरूंनी नोंदीसकट आणलेल्या दगडांवरून. अशनी शोधणारी माणसं हिमवाहनांवर ओळ धरून बर्फ पिंजून काढतात. दगड दिसला की हात लावत नाहीत. आधी क्रमांकाचा गणक शेजारी धरून छायाचित्र, मग जागेची नोंद, मग चिमट्यानं उचलून निर्जंतुक पिशवीत. आकाशातून पडलेल्या दगडालाही ‘कुठला’ हे विचारावंच लागतं!

हिमोढातले गोटे हा आणखी एक खजिना. बर्फाखालचा खडक आपल्याला दिसत नाही, पण हिमनदी त्याचे तुकडे खरवडून काठावर आणून टाकते. निमरोड हिमनदीजवळच्या अशा एका ग्रॅनाइटच्या गोट्यावरून २००८ मध्ये दाखवता आलं की पूर्व अंटार्क्टिका गोंडवन या जुन्या एकत्रित महाखंडाच्याही आधी, सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिकेला लागून असावा. एक गोटा! इथं ‘वाहून आलेला’ हेच उत्तर मोलाचं ठरलं, कारण कुठून वाहून आला हे हिमनदीच्या वाटेवरून सांगता येतं.

हेच गोटे आज सगळ्यात निकडीचा प्रश्न सोडवत आहेत. हिमनदी मागं हटते तेव्हा गोटा उघडा पडतो. त्या क्षणापासून अंतराळातून येणारे किरण त्यातल्या गारेवर आदळू लागतात आणि बेरिलियमचा एक विशिष्ट प्रकार तयार होऊ लागतो. तो मोजला की बर्फ इथून कधी हटलं ते कळतं. पण त्यासाठी गोट्याच्या माथ्यावरचे वरचे काही सेंटिमीटरच छिन्नीनं काढावे लागतात, आणि भोवतालचे डोंगर क्षितिजावर किती उंच आहेत ते सगळ्या बाजूंनी मोजावं लागतं, कारण तेवढे किरण अडलेले असतात. अंटार्क्टिकाचं सगळं बर्फ वितळलं तर समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल. सगळं वितळणार नाही, पण त्याचा अगदी लहान भागही मुंबईला आणि कोकणाला पुरेसा आहे. बर्फ पूर्वी किती वेगानं हटलं होतं, हे उपग्रहांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदींतून कळत नाही. ते गोट्यांना विचारावं लागतं. मैत्रीजवळच्या दक्षिण गंगोत्री हिमनदीचं मुख भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची माणसं १९८० च्या दशकापासून मोजत आली आहेत. ठरलेल्या खुणा, ठरलेली पद्धत. त्यात नाट्य काही नाही, पण अशा कामाला तोड नाही.

हे काम कोण करतं? डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली, २१ जणांची, आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकाला लागली. दुसऱ्या मोहिमेचे प्रमुख व्ही. के. रैना भूवैज्ञानिक होते. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या. जादवपूर विद्यापीठाच्या सुदीप्ता सेनगुप्ता यांनी शिर्माकर टेकड्यांच्या खडकांच्या घड्यांचा अभ्यास केला. त्या गिर्यारोहणही शिकलेल्या होत्या. दुसऱ्या अदिती पंत, समुद्रशास्त्रज्ञ, जन्म नागपूरचा, पदवीचं शिक्षण पुण्याचं. अमेरिकेचं नौदल १९६९ पर्यंत स्त्रियांना अंटार्क्टिकावर नेत नव्हतं. त्या वर्षी भूरसायनशास्त्रज्ञ लोइस जोन्स यांची चौघींची तुकडी कोरड्या दऱ्यांमध्ये काम करून आली आणि तिथल्या खडकांनी त्यांना काही वेगळं वागवलं नाही. मुलींना क्षेत्रकार्याला पाठवायचं की नाही, यावर आजही आपल्या कॉलेजांत बैठका होतात. त्या आता बंद व्हाव्यात.

आणि शास्त्रज्ञांइतकेच मोलाचे इतर. हेलिकॉप्टरचा वैमानिक ‘आज नाही’ म्हणाला की आज नाही. जनरेटर चालू ठेवणारा मेकॅनिक, वर्षभर त्याच शिध्यातून रोज ताटात काहीतरी वेगळं वाढणारा स्वयंपाकी, डॉक्टर. निबंधावर त्यांची नावं नसतात. माझ्या मते ती असावीत.

एक बंधनही आहे, आणि ते मला मनापासून मान्य आहे. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या १९९१ च्या माद्रिद पूरक करारानुसार तिथं खाणकाम करायला बंदी आहे. खडकाला हात लावायचा तो फक्त विज्ञानासाठी. कचरा परत आणायचा. दगडफुलावर पाय द्यायचा नाही, ते वाढायला शतकं लागतात. एका नमुन्यानं भागत असेल तर दोन काढायचे नाहीत. हातोड्याच्या खुणा तिथं पावसानं धुऊन जात नाहीत, कारण तिथं पाऊस जवळजवळ नसतोच.

आता शेवटचं. आपल्या विभागांच्या मागच्या खोल्यांत लाकडी पेट्या आहेत. त्यांत दगड आहेत आणि चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या आहेत. ज्यांनी ते दगड आणले त्यांतले काही जण आज या सभागृहात बसले आहेत. माझी हात जोडून विनंती आहे, तुमच्या जुन्या वह्या शोधा, एक दिवस विभागात या, आणि जेवढं आठवतं तेवढं लिहून द्या. हे काम तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही.

आणि मागच्या रांगांत उभ्या असलेल्या मुलामुलींनो, गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. मोहिमेसाठी ते संशोधनाचे प्रस्ताव मागवतं. निवड झाली तर दिल्लीला एम्समध्ये तपासणी होते आणि औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावर चालायला शिकवतात. वशिला लागत नाही, चांगला प्रस्ताव लागतो, आणि हातानं केलेला एक तरी पुरा नकाशा लागतो. कामठीपासून सुरुवात करा. पाऊस उघडला की लगेच निघा.